जपानी देवस्थानांचा लाखेच्या पुठ्ठ्यांतला अल्बम कसा वाचावा

आपण लिहिले आहे की आपले पणजोबा मुंबईतल्या एका कापूस पेढीच्या कामासाठी काही वर्षे जपानमधल्या कोबे बंदरात राहिले होते आणि त्यांच्या पेटीतून काळ्या चकचकीत पुठ्ठ्यांचा एक अल्बम निघाला आहे. त्यात देवळे, पूल, धबधबे आणि फुजी पर्वत यांची ५० रंगीत छायाचित्रे आहेत. प्रत्येकाच्या खालच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत एक क्रमांक आणि जागेचे इंग्रजी नाव आहे, मात्र छायाचित्रकाराची सही कोठेही नाही. ही छायाचित्रे कोणी काढली, केव्हा काढली, त्यांतले रंग खरे मानावेत का आणि अल्बम पुसून स्वच्छ कसा करावा, असे आपले चार प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात झालेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. अल्बम पुसू नका. छायाचित्रांवरचे रंग हाताने, पाण्यात कालवून लावलेले आहेत आणि ओल्या कापडाच्या एका फटकाऱ्याने ते निघून येतात. जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. चांगल्या हेतूने, ओल्या बोळ्याने पुसलेला असाच एक अल्बम माझ्याकडे आला होता, त्यात बाकी सारे शाबूत होते, पण निक्को या देवस्थानांच्या डोंगराळ गावातल्या लाल पुलाचा लाल रंग तेवढा शिल्लक नव्हता.

आता ही वस्तू काय आहे ते पाहू. जपानी अभ्यासक अशा चित्रांना ‘योकोहामा शाशिन’ म्हणजे योकोहामाची छायाचित्रे म्हणतात. १८५९मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १८६९मध्ये सुवेझचा कालवा सुरू झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्गही पूर्ण झाला, त्यामुळे जगाला फेरी मारणे ही पैसेवाल्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. असा प्रवासी जपानमध्ये काही आठवडे राहत असे आणि जाताना आठवण म्हणून छायाचित्रे घेऊन जात असे. तो दुकानात जाई, नमुन्यांच्या वह्या चाळी, आवडलेल्या चित्रांचे क्रमांक सांगे आणि दुकान त्या क्रमांकांच्या काचेच्या निगेटिव्हवरून नव्या प्रती छापून, रंगवून, जाड पानांवर चिकटवून, लाखकामाच्या पुठ्ठ्यांत बांधून देई. ५० चित्रांचा अल्बम हा त्या काळचा अगदी रूढ आकार होता. आपल्या चित्रांखाली जो क्रमांक आहे तो मुळात या खरेदीसाठी घातलेला, दुकानाच्या यादीतला क्रमांक आहे. आपला अल्बम ही एका छायाचित्रकाराची कृती नाही, तो एका गिऱ्हाइकाने एका दुकानाच्या साठ्यातून केलेली निवड आहे, ही गोष्ट धरून ठेवली की आपल्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

दुकानाचा साठा म्हणजे त्या दुकानदाराने स्वतः टिपलेली चित्रे, असेही नव्हे. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८६३मध्ये योकोहामात आला. १८५७च्या उठावानंतर १८५८मध्ये लखनौ, कानपूर आणि दिल्ली येथे टिपलेल्या छायाचित्रांमुळे आपल्याकडे त्याचे नाव माहीत आहे. १८६६च्या नोव्हेंबरात योकोहामात लागलेल्या मोठ्या आगीत त्याचा स्टुडिओ आणि निगेटिव्ह जळाली. त्याने पुन्हा हिंडून नवा साठा उभा केला आणि १८६८मध्ये जपानची दृश्ये आणि जपानी माणसे असे दोन अल्बम काढले, ज्यांत प्रत्येक छायाचित्रासोबत माहितीचा छापील मजकूर चिकटवलेला असे. १८७७मध्ये त्याने सारा साठा बॅरन राइमुंड फॉन श्टिलफ्रीड या ऑस्ट्रियन छायाचित्रकाराच्या कंपनीला विकला. पुढे १८८५मध्ये श्टिलफ्रीडचा स्टुडिओ आदोल्फो फार्सारी हा इटालियन आणि तामामुरा कोझाबुरो हा जपानी व्यावसायिक यांनी मिळून घेतला. १८८६च्या फेब्रुवारीत फार्सारीच्या स्टुडिओलाही आग लागली, सगळी निगेटिव्ह गेली आणि त्याने सुमारे पाच महिने जपानभर प्रवास करून चित्रे नव्याने टिपली. १८८९मध्ये जपानला गेलेल्या, मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने ज्या फार्सारीच्या कामाची मोकळेपणाने स्तुती केली, तो हाच. बेआतो आणि श्टिलफ्रीड या दोघांकडेही रंगकामाची उमेदवारी केलेला कुसाकाबे किंबेई याने १८८१च्या सुमारास स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याच्या यादीत स्वतः टिपलेल्या चित्रांबरोबर श्टिलफ्रीड आणि उचिदा कुइची हा जपानी छायाचित्रकार यांची जुनी चित्रेही विकली जात असत. म्हणून सही नसल्याचे आपण फारसे वाईट वाटून घेऊ नका. सही असती तरी तिने विक्रेता सांगितला असता, टिपणारा नव्हे. क्रमांकाची मांडणी, अक्षरांचे वळण आणि नाव लिहिण्याची पद्धत मात्र स्टुडिओगणिक वेगळी आहे आणि अभ्यासकांनी या क्रमांकांच्या याद्या चिकाटीने जुळवलेल्या आहेत, तेव्हा दुकान कोणते हे बहुधा ठरवता येईल. त्यातही एकाच अल्बममध्ये दोन तऱ्हेची अक्षरे आढळली तर गोंधळून जाऊ नये, ते साठा हातोहात फिरल्याचे चिन्ह असते.

अशा अल्बममध्ये त्याच त्या जागा का असतात, याचे कारण केवळ सौंदर्यात नाही. १८९९पर्यंत परदेशी माणसाला करारातल्या, म्हणजे करारांनी परदेशी व्यापाराला खुल्या केलेल्या, बंदरांपासून दहा ‘री’ म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या आतच मोकळेपणाने फिरता येत असे, त्यापुढे जायचे तर सरकारी परवाना लागत असे. कामाकुरा आणि एनोशिमा योकोहामापासून या मर्यादेत येत होते, म्हणून प्रत्येक अल्बममध्ये कामाकुराचा महाबुद्ध असतोच. निक्को मर्यादेबाहेर होते, पण तोकुगावा घराण्याच्या पहिल्या शोगुनचे म्हणजे लष्करी शासकाचे, इएयासूचे, भव्य स्मृतिस्थान तिथे असल्यामुळे लोक परवाना काढून जात. १८८९मध्ये तोक्यो ते कोबे हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८९०मध्ये रेल्वे निक्कोपर्यंत पोहोचली, तेव्हापासून क्योतो, नारा आणि निक्को या जागांचे प्रमाण अल्बममध्ये वाढलेले दिसते. जपानी लोकांच्या स्वतःच्या ‘मेइशो’ म्हणजे नामांकित स्थळांच्या याद्या त्याआधी कित्येक पिढ्या चालत आलेल्या होत्या. त्यांची सचित्र स्थळवर्णने छापली जात, लाकडी ठशांच्या चित्रमाला निघत आणि यात्रेकरू ती घरी नेत. छायाचित्रकारांनी जागा नव्याने शोधल्या नाहीत, त्या यादीतल्या ज्या जागा रस्त्यावर होत्या आणि ज्यांच्यावर पुरेसा उजेड पडत होता, त्या घेतल्या.

उजेडाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या काळात ओल्या कोलोडियनची काच वापरावी लागत असे. काचेवर चिकट द्राव ओतायचा, तिला चांदीच्या क्षारात बुडवायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपायचे आणि सुकण्याच्या आत, म्हणजे दहा-एक मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि जड काचा हे सगळे हमालांच्या खांद्यांवरून डोंगरातल्या देवळापर्यंत न्यावे लागे. सावलीत काच काही सेकंदांपासून त्याहून बराच वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे निक्कोच्या उंच सुगी वृक्षांच्या छायेतल्या चित्रांत पाने हललेली दिसतात, धबधबे कापसासारखे दिसतात आणि माणसे मूर्तीसारखी थिजून उभी असतात. कामाकुराचा महाबुद्ध, ज्याचे ओतकाम १२५२मध्ये सुरू झाले असे मानतात आणि ज्याची उंची बैठकीशिवाय ११ मीटरांहून थोडी अधिक आहे, कित्येक शतके उघड्यावर बसलेला आहे, म्हणून तो हजारो अल्बममध्ये पोहोचला. नाराचा महाबुद्ध त्याच्याहून मोठा आणि जुना असूनही अंधाऱ्या सभागृहात असल्यामुळे क्वचितच दिसतो. या अल्बममध्ये दरवाजे, पायऱ्या, दगडी दिवे, पूल आणि ‘तोरी’ म्हणजे देवस्थानाची मोकळी कमान एवढेच वारंवार येते आणि गाभारे जवळजवळ येत नाहीत. गाभाऱ्यात उजेड नव्हता आणि अनेक ठिकाणी परक्याला प्रवेशही नव्हता.

आपल्या अल्बममधल्या इंग्रजी नावांत शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देवस्थान आणि बौद्ध मंदिर यांची सरमिसळ झाली असेल, तर तिला केवळ परदेशी अज्ञान समजू नये. मूळ जागाच मिसळलेल्या होत्या. १८६८मध्ये मेइजी सरकारने शिंतो देव आणि बुद्ध यांना वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या काही वर्षांत देवस्थानांच्या आवारातल्या बौद्ध वास्तू ठिकठिकाणी पाडल्या गेल्या. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानात एक मोठा बौद्ध स्तूप-मनोरा होता, तो १८७०मध्ये पाडण्यात आला. बेआतोने त्याआधी टिपलेल्या छायाचित्रात तो उभा आहे. त्या मनोऱ्याला जपण्याचा विचार बेआतोच्या मनात असण्याचे कारण नाही, त्याला विकण्याजोगे एक चित्र हवे होते. तरीही आज त्या आवाराचे पूर्वीचे रूप समजून घ्यायला ते चित्र मोठा आधार आहे आणि या साऱ्या व्यापारी चित्रांबद्दल मला जो आदर वाटतो त्याचे कारण हेच आहे. तोक्योच्या शिबा भागात झोजोजी मंदिराच्या आवारात सहा तोकुगावा शोगुनांची सोनेरी लाखकामाने मढवलेली समाधिस्थाने होती. त्यांतली बहुतेक १९४५च्या हवाई हल्ल्यांत जळाली. आपल्या अल्बममध्ये शिबाचे नाव असेल तर ते पान फार काळजीने हाताळा.

काळ ठरवताना तीन तारखा वेगळ्या ठेवाव्यात. निगेटिव्ह केव्हा टिपले, ही प्रत केव्हा छापली आणि अल्बम केव्हा बांधला, या त्या तारखा. १८७२चे निगेटिव्ह १८९०मध्ये छापून विकले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अल्बमची तारीख त्यातल्या सर्वांत नव्या चित्रावरून काढायची असते, सर्वांत जुन्या चित्रावरून नव्हे. आपण पुढील गोष्टी शोधा. क्योतोचे हेइआन देवस्थान असेल तर अल्बम १८९५नंतरचा आहे, कारण ते त्याच वर्षी उभे राहिले. तोक्योच्या आसाकुसा भागातला ऱ्योउंकाकू नावाचा उंच विटांचा मनोरा दिसला तर १८९०नंतरचा. मियाजिमा येथे समुद्रात उभी असलेली आजची तोरी १८७५ची आहे. निक्कोजवळ कानमानगाफुची येथे नदीकाठी जिझो या बौद्ध बोधिसत्त्वाच्या दगडी मूर्तींची लांब रांग आहे. १९०२च्या पुरात त्यांतल्या काही, विशेषतः दोन मोठ्या, वाहून गेल्या. रांग त्या मोठ्या मूर्तींसह पूर्ण असेल तर ते निगेटिव्ह पुराआधीचे आहे. त्याच पुरात निक्कोचा शिन्क्यो म्हणजे पवित्र पूल वाहून गेला आणि १९०४मध्ये पुन्हा बांधला गेला. नागोयाच्या किल्ल्याच्या शिखरावरचे सोनेरी मत्स्य १८७०च्या दशकात बराच काळ उतरवलेले होते, त्यातला एक १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनातही गेला होता, आणि ते १८७९मध्ये परत चढवले गेले. शिखर मोकळे दिसले तर चित्र त्या दशकातले समजावे. कोबेचे मिनातोगावा देवस्थान १८७२मध्ये स्थापन झाले आणि नुनोबिकीचा धबधबा तर कोबे बंदरात उतरलेल्या प्रत्येकाच्या पायाखालचा होता. ही दोन्ही चित्रे असतील तर ती पणजोबांच्या स्वतःच्या ओळखीच्या जागा असणार. मुंबई आणि कोबे यांच्यात निप्पॉन यूसेन कंपनीची नियमित बोट १८९३मध्ये सुरू झाली. जपानी गिरण्यांना आपला कापूस नेण्यासाठी ती होती आणि जमशेटजी टाटा यांचा त्या उपक्रमात पुढाकार होता. पणजोबा त्यानंतर गेले असतील तर अल्बम १८९०च्या दशकातला किंवा त्याच्या जरा पुढचा असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

रंगांबद्दल आपण विचारले आहे ते रास्तच आहे. हे रंग कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत. कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा आणि मिठाचा थर देऊन, त्याला चांदीच्या क्षाराने संवेदनशील करून, उन्हात काचेखाली ठेवून छापलेली ही तपकिरी अल्ब्युमेन चित्रे आहेत आणि त्यांच्यावर कुंचल्याने पातळ रंगांचे हात दिलेले आहेत. लाकडी ठशांच्या चित्रांची मागणी घटत चाललेल्या काळात रंगाचे बारीक काम जाणणारे कारागीर जपानमध्ये उपलब्ध होते, म्हणून युरोपात क्वचित साधलेली सफाई इथे दिसते. चांगल्या स्टुडिओत एका चित्रावर पुष्कळ वेळ दिला जाई, घाईच्या दुकानात तेच काम भराभर उरकले जाई. १८९६मध्ये तामामुराला अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या एका बहुखंडी जपान-ग्रंथासाठी सुमारे दहा लाख हाताने रंगवलेल्या छायाचित्रांचे काम मिळाले, यावरून या धंद्याचा विस्तार समजावा. रंगारी योकोहामात बसून काम करीत आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाने निक्को पाहिले असेल असे नाही. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रतींत त्याच बाईचा किमोनो एकीकडे निळा, तर दुसरीकडे जांभळा असतो. देवस्थानाच्या लाल लाखेसारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या रंगांवर विश्वास ठेवावा, कपडे, आकाश आणि फुले यांच्या रंगांवर ठेवू नये. त्यातच अल्ब्युमेनचा कागद काळाने पिवळा पडतो आणि काही तांबडे रंग उजेडाने विरतात, तेव्हा आज दिसते ते दुकानातून निघालेल्या चित्राचेही नेमके रूप नव्हे.

आपली चित्रे खरोखर अल्ब्युमेनची आहेत का, हे दहापट भिंगाने घरीच पाहता येईल. चकाकीखालून कागदाचे तंतू दिसत असतील आणि पृष्ठभागावर बारीक तडे असतील, तर ती अल्ब्युमेनची. चित्र नियमित ठिपक्यांचे बनलेले असेल किंवा वेड्यावाकड्या अळ्यांसारखे कण दिसत असतील, तर ते शाईने छापलेले आहे. दुसऱ्या प्रकाराला कॉलोटाइप म्हणतात. ओगावा काझुमासा हा बोस्टनमध्ये छपाईचे तंत्र शिकून आला आणि त्याने जपानमध्ये हे तंत्र उत्तम वापरले. १८८८मध्ये नारा-क्योतो भागातल्या देवळांच्या ठेव्यांची सरकारी पाहणी झाली तेव्हा तो छायाचित्रकार होता. १८७२मध्ये योकोयामा मात्सुसाबुरो यानेही अशाच पाहणीसाठी देवस्थानांची छायाचित्रे टिपली होती. ही पाहणीची चित्रे आपल्या अल्बममधल्या चित्रांशी शेजारी ठेवून पाहिली तर फरक चटकन ध्यानात येतो. पाहणीचा छायाचित्रकार वास्तूसमोर सरळ उभा राहतो आणि पडझडही टिपतो. दुकानाचा छायाचित्रकार पायरीवर एक छत्रीवाली बाई उभी करतो, रिक्षावाला किंवा पालखीवाले आणून ठेवतो आणि जागा जणू कधी बदललीच नाही असे दाखवतो. तारायंत्राचे खांब आणि पाश्चात्त्य टोप्या त्याला चित्रात नको असत. त्या चुकून आल्या असतील तर ते चित्र मला अधिक मोलाचे वाटते.

हा धंदा फार काळ टिकला नाही. हातात धरायचे सोपे कॅमेरे आले, १९००मध्ये जपानमध्ये खाजगी चित्रपत्रे म्हणजे चित्रांची पोस्टकार्डे छापायला परवानगी मिळाली, रशियाशी झालेल्या युद्धाच्या काळात त्या पत्रांची लाट उसळली, किंबेईने १९१४च्या सुमारास काम थांबवले आणि १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपाने योकोहामाबरोबर तिथे उरलेला बराच साठाही नष्ट केला. मूळ निगेटिव्ह आता फारच थोडी आहेत, म्हणून घराघरांत पडून असलेल्या अशा प्रतींचे महत्त्व वाढलेले आहे.

आता जतनाचे. पुठ्ठ्यांवरची लाख म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. आपली लाख किड्यापासून मिळते, जपानी उरुशी हा एका झाडाचा चीक असतो आणि तो एकदा पक्का झाला की कणखर असला तरी उन्हाने निस्तेज होतो आणि फार कोरड्या हवेत तडकतो, त्यामुळे अल्बम उन्हात वाळवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात समोरासमोरची चित्रे एकमेकांना चिकटतात. चिकटलेली पाने ओढू नका, ती तशीच ठेवून जतनतज्ज्ञाकडे न्या. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम, ते जमत नसेल तर आम्लरहित खोक्यात अल्बम आडवा ठेवून खोके बंद कपाटात ठेवावे, त्या कपाटात खोक्याबाहेर सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्या नियमाने सुकवून घ्याव्यात. पानांमध्ये पातळ, आम्लरहित आणि चुन्याचा अंश न मिसळलेला कागद घालावा, कारण अल्ब्युमेनला अल्कधर्मी कागद मानवत नाही. डांबरगोळ्या, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकची चिकट पाकिटे पूर्णपणे टाळा. धूळ असेल तर मऊ, कोरड्या कुंचल्याने फक्त पुठ्ठ्यावरची आणि पानांच्या कडांवरची झाडा, चित्राला स्पर्श करू नका. स्कॅनरच्या काचेवर अल्बम पालथा दाबल्यास कणा आणि लाख दोन्ही तुटतात. त्याऐवजी खिडकीच्या पसरट उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि चित्राखालचे क्रमांक व नावे जशीच्या तशी एका वेगळ्या वहीत उतरवा. त्या यादीबरोबर निक्को, शिबा आणि कोबे या पानांचे फोटो, पानांच्या चारही कोपऱ्यांसह, पाठवलेत तर दुकान कोणते आणि दशक कोणते हे मी आपल्याला नक्की सांगायचा प्रयत्न करीन.